रेघेच्या वरचा राउटर

९ जून, सोमवार

नाव मौला तांबोळी, राहणार खणभाग, सांगली. नवीन वही उघडली की पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचे ही एस.टी.तली सवय. एकतीस वर्षे वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता सुटायची, किती वाजता सुटली आणि शेरा, एवढेच आयुष्यभर लिहिले. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण नोंद करायची म्हटले की मला मराठीच सुचते.

ईदला आलेला आमचा मुलगा राहील आज सकाळी शिरवळला, त्याच्या कारखान्यात परत गेला. जाताना एक खोके ठेवून गेला. आत राउटर आहे. नेटचा एक डबा घरात आहेच, कंपनीने पाच वर्षांपूर्वी बसवलेला. पण तो पुढच्या दाराशी आहे आणि अर्फा मागच्या खोलीत बसून काम करते. मध्ये दोन भिंती आणि माझ्या बायकोचे, साबेराचे लोखंडी कपाट. गेल्या महिन्यात अर्फाची मीटिंग सात वेळा तुटली.

अर्फा आमची धाकटी. पुण्याच्या कंपनीत आहे, परदेशातल्या दवाखान्यांची विम्याची कागदपत्रे तपासते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेला माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. आता चौदा महिने झाले. घरून काम करायला कंपनीची परवानगी आहे, पण नेट नीट पाहिजे अशी अट. नाहीतर पुण्याला यावे लागेल, असे तिच्या राजेश्वरी मॅडमनी कळवले आहे.

म्हणजे हा राउटर नीट चालला तर पोरगी घरी राहणार. मला ती घरी पाहिजे. दुपारी चारला तिची सुट्टी होते आणि आम्ही दोघे ओट्यावर बसून चहा पितो. दिवसाच्या बाकी वेळात मी चार वाजायची वाट बघतो. आजपासून नेटचे रजिस्टर वेगळे उघडले आहे.

११ जून, बुधवार

कंपनीचा डबा चुकीच्या जागी आहे हे मी पाच वर्षे सांगतो आहे. आमच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे. माझ्या कपाळाच्या उंचीला, निळ्या ऑइलपेंटने मी स्वतः मारलेली. तेव्हापासून घराचा नियम असा, की पिन असलेली वस्तू रेघेच्या खाली नको. सगळी बटणे वर घेतली. मिक्सर लावायला साबेरा स्टुलावर चढते. फ्रिज रेघेवर जाईना, त्याला साडेतीन फुटांचा चौथरा बांधला आहे. बर्फाच्या कप्प्यात काय आहे ते राहील ईदला आला की कळते.

डबा बसवायला आलेला माणूस बाहेरगावचा होता. गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकून गेला. वायर आखूड आहे, हलवता येणार नाही, असे कंपनी म्हणते.

राउटर मात्र आपला आहे. तो आज अर्फाच्या खोलीत, रेघेच्या वर एक हात, फळी मारून बसवला. डब्यापासून तिथपर्यंत निळी वायर नेली. मी स्टुलावर होतो आणि अर्फा खाली स्टूल धरून उभी होती. तिने विचारले, आता दम लागत नाही ना. नाही म्हणालो, आणि खरेच लागत नव्हता. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारले. काळजी करते पोरगी.

राउटरला नाव द्यावे लागते म्हणे. डब्याचे नाव म्हणजे नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरे, माणसाने ते वाचावे अशी अपेक्षाच नाही. मी 'सांगली घर' असे नाव दिले. पासवर्ड वहीत लिहू नये असे अर्फाने सांगितले, म्हणून वहीत लिहीत नाही. रेघेशेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहिला आहे.

१३ जून, शुक्रवार

नेट आहे. पण अर्फाच्या ऑफिसचे कुलूप उघडत नाही. कुलूप म्हणजे कंपनीचा एक प्रोग्राम, त्यातून आत गेल्याशिवाय काम दिसत नाही. ते उघडते, पाच मिनिटांनी आपोआप लागते, पुन्हा उघडते. दिवसभर असे चालले.

मशिदीतून आल्यावर नेटच्या कंपनीला फोन केला. तिकडची बाई म्हणाली, राउटर तुमचा आहे, तक्रार आमची नाही. मी म्हटले, लाईन तुमची आहे. ती म्हणाली, लाईन चालू आहे. दोघेही बरोबर होतो आणि काम बंद होते.

१६ जून, सोमवार

आकाराम आला. आमच्या भागातल्या लायनीचे काम त्याच्याकडे आहे. पूर्वी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, आता नेटच्या ओढतो. चाळिशीचा आहे, मान कायम वर करून चालतो.

दोन्ही यंत्रे बघून त्याने खुलासा केला. घरात दोन मालक झालेत. डबाही प्रत्येक फोनला नंबर वाटतो आणि राउटरही वाटतो, त्यामुळे ऑफिसच्या कुलपाला कोणाचे खरे धरावे कळत नाही. मला लगेच समजले. नोकरीत एकदा यात्रेच्या गर्दीत एका फलाटावर दोन नियंत्रक बसले होते. तासगावची गाडी दोघांनी सोडली आणि विट्याची कोणीच सोडली नाही.

उपाय असा की डब्याने वाटप बंद करायचे. लाईन त्याच्यातूनच जाणार, पण ती नुसती पुढे ढकलायची, हुकूम राउटरचा. याला ब्रिज करणे म्हणतात आणि ते कंपनीच्या परवानगीने होते. आकारामने तिथूनच फोन लावून ते करवून घेतले. डब्यावरचे तीन दिवे विझले, एक राहिला. मी विचारले, आता याला काही काम नाही का. आकाराम म्हणाला, "हाय की चाचा. फकस्त त्येला कुणी काय इचारायचं न्हाई."

मला डब्याबद्दल जरा वाईट वाटले. जाता-येता त्याच्यावरची धूळ पुसली.

नेट दिवसभर एकदाही गेले नाही. चारला चहा.

२४ जून, मंगळवार

सात दिवस नोंद कोरी. अर्फाला म्हटले, आता मॅडमला काही बोलायला जागा नाही. ती म्हणाली, हो ना. चहात बिस्कीट बुडवून धरले होते, ते तुटून आत पडले तरी तिचे लक्ष नव्हते. कामाचा ताण असतो.

नंतर तिने विचारले, रस्त्याचे काम झाल्यापासून पुण्याची गाडी किती तास घेते. मी सविस्तर सांगितले. पोरांना एस.टी.बद्दल कुतूहल वाटते ही चांगली गोष्ट आहे.

१ जुलै, मंगळवार

आज पेटी भरली. आमच्या गल्लीत ही रीत आहे. जुलै लागला की नदीच्या पाण्याची वाट न बघता महत्त्वाच्या वस्तू लोखंडी पेटीत भरून माळ्यावर टाकायच्या. घराचे कागद, पासबुके, निकाहनामा, माझी दवाखान्याची फाईल, साबेराच्या आईचा फोटो. यंदा घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू राउटर आहे. फळीवर तो रेघेपासून एक हातच वर होता, पेटीत सहा हात वर जाईल. पेटीच्या मागे गंजून पडलेले भोक आहे, त्यातून दोन्ही वायरी आत घेतल्या. राउटर साबेराच्या जुन्या शालीत गुंडाळला, झाकण लावले, कुलूप घातले.

सव्वानऊपासून नेट बंद. निळी वायर बदलून पाहिली. कंपनीला दोन फोन केले. अर्फाने दिवसभर मोबाईलच्या नेटवर गच्चीत छत्री धरून काम केले. चारचा चहा झाला नाही.

शेरा: कारण समजले नाही.

२ जुलै, बुधवार

आकाराम माळ्यावर चढला आणि बराच वेळ खाली आला नाही. मग वरूनच विचारले, "चाचा, लोखंडाच्या पेटीत घातलासा व्हय?"

मी म्हणालो, महत्त्वाचा आहे.

"महत्त्वाचा हाय, पर त्येचा आवाज भायेर कसा येणार? तुमी स्टँडवर पेटीत बसून गाड्या पुकारत हुतासा काय?"

राउटर पुन्हा फळीवर आला. साबेरा शाल झटकत म्हणाली, बरे झाले, मला तरी पेटीत घातले नाही. अर्फा तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसून झाल्यावर म्हणाली, काल पूर्ण दिवस नेट नसल्याची नोंद मॅडमनी घेतली आहे. मला फार लाज वाटली. पोरीची नोकरी सांभाळायला निघालो आणि मीच घोळ घातला. यापुढे नीट लक्ष ठेवणार.

आकारामने जाताना माझ्या फोनवर राउटरचे पान टाकून दिले. त्यात घरातला कोणता फोन जोडलेला आहे, किती नेट खातो, लाईन कधी गेली, सगळे दिसते. स्टँडवर असे पान असते तर मी चार तासांत दिवसाचे काम उरकले असते.

१० जुलै, गुरुवार

अर्फा अकरा वाजून वीस मिनिटांनी म्हणाली, नेट गेले. दहा मिनिटांनी आले म्हणाली. रजिस्टरात घेतले. फोनवरच्या पानात लाईन चालू दिसत होती. पान नवीन आहे, शिकेल.

साबेरा म्हणाली, कशाला एवढे मिनिट-मिनिट लिहिता. तिला मी भाऊसो ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याची कोल्हापूर गाडी एकदा सहा मिनिटे उशिरा सुटली. वेळेवर सुटली असे लिहा म्हणून त्याने हात जोडले. मी सहा मिनिटे उशीर असेच लिहिले. तो चार वर्षे माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचे काही वाटले नाही. एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद नाही. साबेरा म्हणाली, ठाऊक आहे, जेवा.

१७ जुलै, गुरुवार

दुपारी साडेतीन ते सव्वाचार नेट नव्हते, असे अर्फाने सांगितले. त्या वेळात ती गच्चीत अंकिताशी फोनवर बोलत होती. अंकिता तिची पुण्यातली मैत्रीण. तिने नवीन खोली घेतली आहे, चौथ्या मजल्यावर, खिडकीतून टेकडी दिसते, दुसरी खाट रिकामी आहे. हे सगळे ती अर्फाला कशाला सांगते कोणास ठाऊक. नवीन जागा घेतली की माणसाला बोलावेसे वाटते.

अर्फाची बॅग खाटेखालून बाहेर आलेली दिसली. साफ करत होते म्हणाली.

२४ जुलै, गुरुवार

या आठवड्यात दोनदा गेले. मंगळवारी वीस मिनिटे, आज अर्धा तास. महिन्यात एकूण चार, पेटीचा दिवस सोडून.

आजच्या नोंदीत गोंधळ आहे. पावणेबाराला अर्फा बाहेर येऊन म्हणाली, नेट गेले, आणि परत आत जाऊन दार लोटले. मी लगेच फोनवरचे पान उघडले. पानात लाईन चालू. इतकेच नाही, तर घरात त्या क्षणी सगळ्यात जास्त नेट खाणाऱ्याचे नाव होते 'अर्फा लॅपटॉप'. नेट नसताना ती ते कसे खात होती याचा खुलासा पानात नाही. दारातून तिचा आवाजही येत होता. इंग्रजीत बोलत होती, मध्येच हसली, मग 'थँक यू' तीनदा म्हणाली.

राउटर सदोष आहे असे माझे मत झाले आहे. राहीलला कळवले.

२५ जुलै, शुक्रवार

आकारामला बोलावून रजिस्टर दाखवले. त्याने त्याच्याकडचा हिशेब फोनवर काढला. त्याला थेट कंपनीच्या बाजूने लाईन दिसते. म्हणाला, दोन तारखेपासून लाईन एक मिनिटही गेलेली नाही.

मी म्हटले, राउटर खोटे दाखवतोय.

तो म्हणाला, "चाचा, मशीन कशाला खोटं बोलंल? त्येला कुटं जायचंय?"

मग एकदम चहाचा कप खाली ठेवून निघून गेला. अर्धा कप तसाच. कामाची घाई असावी.

२७ जुलै, रविवार

जेवताना अर्फाने सांगितले. नेट सारखे जाते म्हणून कंपनीने पुण्याला बोलावले आहे. अकरा ऑगस्टपासून. हे सांगताना ती ताटाकडे बघत होती. भात एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला करत होती.

मी म्हणालो, अजिबात काळजी करू नकोस. आकारामच्या कंपनीचा कागद घेतो, लाईन एक मिनिटही गेली नाही असा. माझे रजिस्टर जोडतो. दोन्ही मॅडमला पाठवतो. नेट उत्तम आहे हे सिद्ध करून देतो.

ती म्हणाली, नको अब्बा. भिडस्त आहे. लहानपणी वर्गात पहिली आली तेव्हा शेजारी पेढे द्यायलाही लाजली होती. मी म्हटले, यात लाजायचे काय, खरे ते खरे. साबेराने माझ्या ताटात न मागता डाळ वाढली. मला नको होती.

२९ जुलै, मंगळवार

मॅडमला पाठवायची प्रत सुवाच्य अक्षरात लिहून काढली. चार पाने. अर्फाकडे मॅडमचा ईमेल मागितला. उद्या देते म्हणाली. काल पण उद्या देते म्हणाली होती. शेवटी राहीलला फोन केला, त्याला असेल. तो आधी हसला, मग म्हणाला, अब्बा, अम्मीला विचारा. मी म्हटले, अम्मीला स्वतःचा ईमेल माहीत नाही. तो म्हणाला, तरी विचारा.

३० जुलै, बुधवार

विचारले.

साबेरा स्टुलावर चढून मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी काढत होती. मिक्सर बंद केला, पण खाली उतरली नाही. वरूनच बोलली.

"आवं, नेट एकदाबी गेलेलं न्हाई. पोरीला पुण्याला जायाचं हाय."

मी म्हणालो, मग तिने तसे सांगायचे.

"कसं सांगायचं? तुमी फळी ठोकली, माळ्यावर चढला, रजिस्टर घातलं, चार पानं लिवली. येवढं केल्यावर त्या लेकरानं कोंच्या तोंडानं म्हणायचं, अब्बा, मला जाऊ द्या?"

मग सगळे सांगितले. बारा माणसांवर अर्फाला प्रमुख करणार आहेत, पण त्यासाठी ऑफिसात बसावे लागते. मागच्या दिवाळीला विचारले तेव्हा ती नाही म्हणाली. मार्चमध्ये विचारले तेव्हाही नाही म्हणाली. चोवीस तारखेला तिसऱ्यांदा विचारले, आणि ती हो म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हटले असते तर पुन्हा कोणी विचारले नसते. साबेराला ईदपासून माहीत आहे. राहीललाही माहीत आहे. मला वाटते आकारामलाही कळले होते.

मी विचारले, मग दोनदा नाही का म्हणाली.

"तुमचा दम बघत हुती ती. स्टूल धरून."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आधी राग आला. घरातल्या चार माणसांत मीच नोंदी ठेवतो आणि मलाच काही माहीत नाही. रजिस्टरात मी मिनिटे लिहीत होतो आणि पोरीचे अख्खे वर्ष गेले ते कोणत्याच रकान्यात नाही. मग राग गेला आणि फार वाईट वाटले. ती गेल्यावर चार वाजता मी काय करणार, हा विचार आधी आला, आणि त्याची लाज नंतर. ती माझ्यासाठी पंधरा महिने थांबली. मी ते नेटच्या खात्यावर मांडले.

सुवाच्य प्रत फाडली.

३१ जुलै, गुरुवार

महिनाअखेर. नेट रजिस्टर बंद केले. आकारामच्या कंपनीचा कागद आला होता, तो त्यात जोडला नाही. खाली जागा होती तिथे शेरा लिहिला:

'जुलै महिन्यात नेट चार वेळा गेल्याचे समक्ष पाहिले. यंत्र सदोष, लाईन बेभरवशाची. या ठिकाणी काम होणे शक्य नाही. सबब अर्फा मौला तांबोळी यांना पुण्यास रवाना करण्यास हरकत नाही.'

खाली पूर्ण सही केली. तारीख, वेळ.

चार वाजता चहाबरोबर रजिस्टर तिच्यासमोर ठेवले. तिने वाचले. पाच ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, ही नोंद खरी आहे?"

मी म्हणालो, "माझी सही हाय खाली."

ती रडायला लागली. मग मीही. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी पाहिले असेल, ओटा उघडाच आहे. चहा गार झाला, साबेराने पुन्हा केला आणि आज तीही आमच्यात येऊन बसली. बारा माणसांचे प्रमुख म्हणजे काय करायचे असते ते अर्फा सांगत होती. माझ्या लक्षात आले की ते नियंत्रकाचेच काम आहे. तसे मी सांगितले, आणि ती हो म्हणाली.

खरी नोंद फक्त या वहीत आहे. नेट जुलैत एकदाही गेले नाही, मी लोखंडाच्या पेटीत घातले तो दिवस सोडून.

१० ऑगस्ट, रविवार

सांगली ते पुणे. सुटायची वेळ सात, सुटली सात वाजून चार मिनिटांनी. चार मिनिटे उशीर माझ्यामुळे झाला, कारण मी खिडकीशी बोलत उभा होतो आणि कंडक्टर ओळखीचा आहे. अर्फा म्हणाली, अब्बा, मागे व्हा. झालो.

घरी आल्यावर फोनवरचे पान उघडले. 'अर्फा लॅपटॉप, जोडलेला नाही.' बाजूला एक बटण आहे, यादीतून नाव काढण्यासाठी. ते दाबले नाही. चार वाजता चहा केला. सवयीने दोन कप काढले, दुसरा साबेराला नेऊन दिला. तिने घेतला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी अर्फाचा व्हिडिओ कॉल आला. अंकितानेही नमस्कार केला, खिडकीतली टेकडी दाखवली. टेकडी अर्धी आली आणि चित्र थांबले. अर्फाचे तोंड उघडे ते उघडेच. मग नुसता आवाज आला, "अब्बा, नेट गेलं."

खरे सांगतो, माझा विश्वास बसला नाही. मी आमच्या पानात बघितले, आमची लाईन चालू. थोड्या वेळाने तिने साधा फोन केला. त्यांच्या खोलीतही कंपनीचा डबा आहे, बाहेर जिन्यापाशी. मध्ये दोन भिंती. मॅडमना सांगून ती आठवड्यातले दोन दिवस खोलीवरून काम करणार आहे आणि मीटिंग तुटायला लागली आहे.

या वेळी खरेच गेले होते.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी स्टुलावर चढून राउटर फळीवरून काढला. साबेराने स्टूल धरले. शालीत गुंडाळला, पेटीतली तीच शाल. भडंगाच्या मोठ्या डब्यात तळाशी राउटर, निळी वायर, वर वर्तमानपत्र आणि त्यावर भडंगाच्या दोन पिशव्या. डबा पत्र्याचा आहे, पण प्रवासात राउटरला बोलायचे नसते. स्टँडवर जाऊन पार्सल केले. पावतीवर 'घरगुती सामान' असे लिहिले, ते खरे आहे.

आकारामला फोन केला. त्याने कंपनीच्या डब्याला पुन्हा ड्युटीवर घेतले. विझलेले तिन्ही दिवे लागले. गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, पण काम चोख करतो. आता घरात दोघेच आहोत, दोन्ही भिंतींच्या अलीकडेच बसतो. डब्याचे आकड्यांचे नाव आणि पासवर्ड फोनमध्ये टाकायला मला सोळा मिनिटे लागली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी असल्यामुळे अर्फा खोलीवरच होती. पार्सल काल पोचले. भडंग अंकिताने एका बैठकीत संपवले. मी राउटरबद्दल सूचना कागदावर लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचायला घेतल्या. पहिली सूचना, दोन मालक करू नये, तिकडच्या माणसाला सांगून डबा ब्रिज करून घ्यावा. ती म्हणाली, सकाळीच करून घेतला. दुसरी सूचना पासवर्डची होती. नीट लिहून घे म्हटले, मोठा आहे, भिंत माझ्यासमोर आहे.

ती म्हणाली, "अब्बा, पासवर्ड लागलाच न्हाई. पिन लावली, दिवा लागला, आन् लॅपटॉपवर आपोआप 'सांगली घर' आलं. फोनवर पण. मी काय सुद्धा केलं न्हाई. त्येला वाटलं घरीच हाय."

ऑफिसात मराठी, इंग्रजी, हिंदी बोलणारी पोरगी एवढे सगळे इकडच्यासारखे बोलून गेली. चित्र स्पष्ट होते, एकदाही थांबले नाही. तिच्या मागे खिडकीत पूर्ण टेकडी दिसत होती.

मग तिसरी सूचना विचारली. राउटर जमिनीपासून किती उंचीवर आहे.

"अब्बा, चौथा मजला हाय."

मी म्हणालो, तरी.

ती हसली. फोन टेबलावर उभा करून ठेवला, खुर्ची ओढली, वर चढली. अंकिताने खुर्ची धरली. राउटर कपाटाच्या माथ्यावर गेला. तिने हात वर करून दाखवला.

वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. दोन्हीकडे चहा.

शेरा: रेघेच्या वर.